नरडाण्याच्या बांधकामावरचा मजूर: रस्त्यावर गेलेले तास कोणाच्या हिशोबात?

धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर नरडाणा आहे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे स्टेशन आणि औद्योगिक वसाहत अशी त्याची ओळख. शेड, पाया, सेंट्रिंग, गिलावा अशी कामे इथे निघतात. त्यासाठी आसपासच्या खेड्यांतून आणि शहरांच्या मजूर अड्ड्यांवरून माणसे उचलली जातात. आपल्या समाजातील अनेक घरे अशाच रोजंदारीवर चालतात. रोज किती, यावर अड्ड्यावर घासाघीस होते. जाण्यायेण्याच्या वेळेवर कोणी बोलत नाही.

समजा, धुळ्यातला एक बिगारी सकाळी सातला अड्ड्यावर उभा राहिला. गाडी भरायला, मग 35-40 किलोमीटर जायला दीड तास गेला. नऊ ते सहा काम, परतीची गाडी मिळेपर्यंत आणि घरी पोहोचेपर्यंत पुन्हा दीड-दोन तास. हजेरी आठ तासांची, घराबाहेर मात्र तो बारा तासांहून जास्त. महिन्याला 25 हजेऱ्या धरल्या, तर 75 तासांहून अधिक वेळ रस्त्यावर जातो. म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने नऊ दिवसांचे काम बिनपगारी. भाडे स्वतःच्या खिशातून जात असेल तर तोटा आणखी मोठा. घरचे पाणी, स्वयंपाक, पोरांची शाळा उरकून निघणाऱ्या बाईचा दिवस तर याहून आधी सुरू होतो.

कायदा याबाबत काय म्हणतो? मजुरीच्या बाबतीत जवळजवळ काहीच नाही. कामाचे तास आठ आणि जादा कामाला दुप्पट दर, हे लिहिलेले आहे. पण घड्याळ साइटवर पोहोचल्यावरच सुरू होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखाने कायद्यात 1946 ची दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे कमाल तास 54 वरून 48 वर आले. त्या काळच्या मुंबईत गिरणी कामगाराची चाळ बहुधा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर असे. दारापासून दारापर्यंत मोजले तरी त्याचा दिवस फार लांबत नसे. बांधकाम मजुराला भोंगाही नाही आणि कायमचे दारही नाही, साइट बदलली की अंतर बदलते. तास मोजण्याची रीत मात्र गिरणीचीच राहिली.

एका कायद्याने प्रवासाला कामाचा दर्जा दिला होता. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानुसार ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुराला जाण्यायेण्याचे भाडे द्यायचे आणि त्या प्रवासाच्या काळातली मजुरीही, जणू तो कामावरच आहे असे समजून. नरडाण्याहून सुरतेला ठेकेदाराने नेलेल्या माणसाचा हा हक्क होता. धुळ्याहून नरडाण्याला येणाऱ्याचा नव्हता. तो प्रत्यक्षात किती जणांच्या पदरात पडला, हे खानदेशातल्या घरांना वेगळे सांगायला नको. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विरला. भाड्याची रक्कम वर्षातून एकदा देण्याची तरतूद उरली, प्रवासकाळाची मजुरी गेली. या बदलावर आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही, याची खंत वाटते.

अपघाताच्या बाबतीत मात्र कायदा पुढे सरकला आहे. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सौराष्ट्रातील मीठ कामगारांचे प्रकरण आले. कामावरून परतताना खाडीत नाव उलटून कामगार बुडाले. नाव सार्वजनिक होती म्हणून मालक सुटला. 1963 मध्ये बेस्टच्या चालकाच्या प्रकरणात न्यायालयाने वेगळे धरले. ड्यूटी संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना तो मेला होता, त्याच्या विधवेला भरपाई मंजूर झाली.

29 जुलै 2025 चा निकाल आपल्याच राज्यातला आहे. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. ही घटना 22 एप्रिल 2003 ची. कामगार भरपाई आयुक्तांनी दिलेले 3,26,140 रुपये उच्च न्यायालयाने रद्द केले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मंजूर केले. वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घर ते काम या वाटेवरचा अपघातही कामातलाच, असे न्यायालयाने म्हटले. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. थोडक्यात, मजूर वाटेत मेला तर ती वाट कामाची. जिवंत पोहोचला तर त्याच वाटेचा एक रुपयाही नाही.

आणि हा संबंध सिद्ध करायचा कसा? पिकअप किंवा छोट्या हत्तीच्या हौद्यात उभे राहून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच ठरवून टाकले आहे. म्हणून गाडी ठेकेदाराने पाठवली होती, आपण त्याच्याच कामाला चाललो होतो, याचा पुरावा लागतो. मुकादमाचा फोनवरचा मेसेज, गाडीचा नंबर, साइटच्या मूळ मालकाचे नाव, हजेरी वहीच्या पानाचा फोटो एवढे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर असावे. ठेकेदार हात वर करतो तेव्हा मूळ मालकावरही दावा करता येतो.

युरोपात कायमचे कामाचे ठिकाण नसलेल्यांसाठी तेथील न्यायालयाने 10 सप्टेंबर 2015 रोजी निकाल दिला: घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंत आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा वेळ कामाचाच. मजुरी किती, हे त्या-त्या देशावर सोडले. तो खटला सुरक्षा यंत्रे बसवणाऱ्या तंत्रज्ञांचा होता, पण रोज साइट बदलणाऱ्या गवंड्याची स्थिती त्याहून वेगळी नाही.

आपल्याकडे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात साइटवर किंवा शक्य तितक्या जवळ फुकट तात्पुरती राहण्याची सोय करणे मालकावर बंधनकारक होते. नव्या संहितेत ती बाब नियमांवर सोपवली आहे. राज्याच्या नियमांत ती ठामपणे यावी आणि जिथे राहण्याची सोय नाही तिथे गाडी ठेकेदाराची, अशी मागणी संघटनांनी धरायला हवी. तोवर अड्ड्यावर रोज ठरवतानाच भाडे आणि गाडीची वेळ ठरवून घ्यावी. एकट्याने बोलणारा दुसऱ्या दिवशी उचलला जात नाही, म्हणून हे दहा-पंधरा जणांनी मिळून करायचे काम आहे.

कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी मागील वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देत नसेल तर गावात ग्रामसेवकाकडून मिळू शकतो. दरवर्षी 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो माणसे जमतात, त्यांत बांधकाम मजूरही असतात. तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी नोंदणीचे एक टेबल लागायला हरकत नाही.

धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाची पायाभरणी 16 फेब्रुवारी 2019 ला धुळ्यात झाली; सुमारे 50 किलोमीटरचा हा टप्पा मनमाड-इंदूर मार्गाचा भाग आहे. त्यावर गाडी धावेल तेव्हा ती सकाळी आठच्या आत नरडाण्याला पोहोचते की दहाला, हे मजुराच्या दृष्टीने महत्त्वाचे. वेळापत्रक ठरण्याआधीच ही मागणी नोंदवली पाहिजे.