न्यू यॉर्कांतील आयरिश बिऱ्हाडें

मनुष्य देशांतर कां करतो, याचा ऊहापोह इतिहासकारांनीं पुष्कळ केला आहे. परंतु परक्या नगरांत उतरल्यावर तो पहिली रात्र कोणाच्या छपराखालीं काढतो आणि पुढें बिऱ्हाड कोणत्या आळींत थाटतो, या साध्या प्रश्नाकडे बराच काळ दुर्लक्ष झालें होतें. वस्तुतः दुष्काळ, राजशासन आणि जमीनदार हे त्याला घराबाहेर काढतात. राहण्याची जागा मात्र त्याची त्यालाच शोधावी लागते. म्हणून त्याची बुद्धि, त्याची भीति आणि त्याची आशा यांचा ठाव घ्यावयाचा असेल, तर त्याचें बिऱ्हाड पाहावें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यू यॉर्कला आलेल्या आयरिश लोकांच्या बाबतींत हें विशेष खरें आहे. कारण त्यांच्या वस्त्या पाहूनच तत्कालीन जगानें त्यांच्या शीलाचा निवाडा केला, आणि तो बव्हंशीं चुकीचा केला.

प्रथम या लोंढ्याचें मान ध्यानांत घेतलें पाहिजे. इ. स. १८४५ मध्यें आयर्लंडांतील बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील कांहीं वर्षें तो पुनःपुन्हां पडत राहिला. १८४१ च्या खानेसुमारींत त्या बेटाची लोकसंख्या ८१ लक्षांहून अधिक होती. १८५१ सालीं ती ६५ लक्षांच्या आसपास उरली. सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व रोगांनीं मेलीं, आणि दहा लक्षांहून अधिक देशोधडीस लागलीं. त्यांतील फार मोठा भाग अमेरिकेस गेला, आणि अमेरिकेचें महाद्वार म्हणजे न्यू यॉर्क. १८५५ च्या गणनेंत या नगरांत सुमारें ६ लक्ष ३० हजार माणसें होतीं. त्यांपैकीं १ लक्ष ७५ हजारांहून अधिक आयर्लंडांत जन्मलेलीं, म्हणजे शेंकडा २८. त्यांचीं अमेरिकेंत जन्मलेलीं मुलें या आंकड्यांत धरलेलीं नाहींत. एवढ्या माणसांना छप्पर देईल अशी घरांची तयारी त्या शहरांत नव्हती.

उतारूची पहिली गांठ पडे ती दलालांशीं. जहाज धक्क्याला लागतें न लागतें तोंच खानावळवाल्यांचे हस्तक त्यावर चढत. हे बहुधा आयरिशच असत. उतारूच्याच परगण्याची बोली बोलून व देवाधर्माच्या गोष्टी काढून ते त्याचें गाठोडें उचलीत. मग खानावळीचें देणें ठरलेल्या दराहून कितीतरी फुगे, आणि तें फिटेपर्यंत पेटी अडकवून ठेवली जाई. या लुटीस आळा घालण्यासाठीं १८४७ सालीं न्यू यॉर्क संस्थानानें एक मंडळ नेमलें, आणि १ ऑगस्ट १८५५ रोजीं ‘कॅसल गार्डन’ या जुन्या किल्ल्यांत उतारूंसाठीं स्वतंत्र जागा उघडली. पूर्वीं तोफांसाठीं बांधलेल्या व मध्यंतरीं गायनाच्या जलशांनीं गाजलेल्या या वास्तूंत दलालांना मज्जाव होता. तरीही दलालावर खात्रीचा उतारा एकच होता, आणि तो म्हणजे खिशांतील पत्र. भाऊ, मावशी किंवा गांवचा शेजारी अगोदर येऊन राहिलेला असे. पुष्कळदां प्रवासाचें भाडेंही त्यानेंच धाडलेलें असे. त्या पत्रावर ज्या आळीचें नांव, तीच नव्या उतारूची अमेरिका.

ही आळी वारंवार ‘फाइव्ह पॉइंट्स’ या बदनाम वस्तींतील निघे. नगराच्या सहाव्या वॉर्डांत कांहीं रस्ते एकत्र येऊन पांच कोपरे झाले होते, त्यावरून हें नांव पडलें. पूर्वीं येथें गोड्या पाण्याचें एक तळें होतें. कातडीं कमावणारांनीं व खाटिकांनीं तें नासविलें, आणि १८११ च्या सुमारास तें बुजविण्यांत आलें. भरावाची जमीन खचत गेली, भिंती कलल्या, तळघरांत ओल कायमची झाली. ज्यांना ऐपत होती ते निघून गेले आणि त्यांच्या घरांच्या खोल्या पाडून त्या गरिबांस भाड्यानें देण्यांत आल्या. १८४२ सालीं चार्ल्स डिकन्स पोलिसांच्या सोबतीनें ही वस्ती पाहून गेला, आणि त्याच्या प्रवासवर्णनानें तिची अपकीर्ति साऱ्या इंग्रजी वाचणाऱ्या जगांत पसरली. पाहुणे नाकास रुमाल लावून येत व एकच निष्कर्ष काढून परतत : हे लोक मूळचेच आळशी व घाणेरडे, म्हणून असल्या जागीं राहतात.

पण त्या वस्तींत नेमके कोण राहत होते? तेथील ‘ट्रान्सफिगरेशन’ या कॅथॉलिक देवळाच्या विवाहनोंदींत वधूवरांचीं मूळ गांवें लिहिलेलीं आहेत. अलीकडे अभ्यासकांनीं त्या नोंदी चाळल्या, तेव्हां असें दिसून आलें कीं, आयर्लंडच्या बत्तीस परगण्यांतून सारखीं माणसें तेथें आलेलीं नव्हतीं. स्लायगो, केरी व कॉर्क या तीनच परगण्यांचा तेथें भरणा होता. केरीच्या लोकांची कथा तर उद्‌बोधक आहे. त्या परगण्यांत केनमेअर गांवाभोंवतीं लॅन्सडाऊनच्या मार्क्विसची जहागीर होती. तेथील शेंकडों कुळें ‘वर्कहाउस’ नांवाच्या दरिद्राश्रमांत पडलीं होतीं व त्यांचा खर्च जमिनीवरील करांतून निघत होता. जहागिरीचा कारभारी ट्रेंच यानें हिशेब मांडला कीं, एक माणूस वर्षभर पोसण्यापेक्षां त्याचें अमेरिकेचें भाडें भरणें स्वस्त पडेल. १८५१ च्या सुमारास, वर्षभराच्या अवधींत, साडेतीन हजारांच्या आसपास माणसें त्यानें अशीं रवाना केलीं. कोणत्या बंदरीं उतरावयाचें, एवढी निवड मात्र त्यानें त्यांच्यावर सोंपविली होती. अनेकांनीं न्यू यॉर्क निवडलें आणि तेथें फाइव्ह पॉइंट्स गांठलें.

अंगावर धड वस्त्र नाहीं, हातांत कसब नाहीं, आणि पुष्कळांच्या जिभेवर इंग्रजीही नाहीं, अशा स्थितींत या माणसांनीं दुसरें काय निवडावें? जेथें आपली आयरिश भाषा समजते, जेथें कोपऱ्यावरचा दुकानदार ओळखीवर पीठ-चहा उधार देतो, उद्यां कोणत्या इमारतीवर बिगारी हवे आहेत हें जेथें रात्रींच कळतें, आणि आजारांत शेजारीण पेज करून आणते, ती जागा दुर्गंधीची असली तरी निराधाराची नव्हती. रुंद रस्त्यावरील हवेशीर खोलींत यांपैकीं एकही गोष्ट भाड्याबरोबर मिळत नव्हती.

कामधंद्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा होता. बंदरावरील हमालांची भरती दररोज सकाळीं धक्क्यावरच होई. जो तेथें उभा असेल त्याला काम. उशिरां येणाऱ्याचा दिवस बुडाला. मजुरी दिवसाला एक डॉलरच्या आसपास, आणि तीही हिवाळ्यांत अनिश्चित. अशा मिळकतींतून रोजचें गाडीभाडें देणें परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून पायीं गांठतां येईल तेवढ्याच अंतरांत घर शोधणें भाग होतें. ईस्ट नदीच्या कांठचे चौथा व सातवा हे वॉर्ड, किंवा पलीकडे ब्रुकलिनच्या आरमारी गोदीजवळील ‘व्हिनेगर हिल’ (१७९८ च्या आयरिश बंडांतील रणभूमीचें नांव लाभलेली टेंकडी), येथें आयरिश वस्ती दाट झाली ती यामुळें. ज्यांना हें भाडेंही झेपेना, ते उत्तरेकडील पडीक जमिनीवर फळकुटांच्या झोपड्या घालून डुकरें व शेळ्या पाळीत. पुढें मध्यवर्ती उद्यानासाठीं १८५७ सालीं जागा मोकळी करण्यांत आली, तेव्हां उठविल्या गेलेल्या सुमारें १६०० माणसांत असे आयरिशही होते.

स्त्रियांची गोष्ट निराळी. त्या काळीं न्यू यॉर्कमधील घरकामाच्या नोकरांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश आयरिश होते, आणि त्यांत बहुतेक अविवाहित तरुणी. त्यांचा पत्ता श्रीमंतांच्या पेठेंतला, मात्र खोली माळ्यावरची किंवा तळघरांतली. परंतु जेवणखाण व निवारा धन्याकडे असल्यामुळें पगार जवळजवळ सगळा शिल्लक पडे. रविवारीं त्या देवळांत येत व तेथून बहिणीच्या बिऱ्हाडीं जात. एरव्हीं त्या परक्यांच्या घरांत एकट्याच असत. म्हणजे आयरिश लोक एकाच कोंडवाड्यांत राहत होते ही समजूत बरोबर नाहीं. नगराच्या सर्व भागांत ते होते. पण आपलें घर म्हणून ज्याचें नांव घ्यावें, तें ठिकाण थोड्या आळ्यांतच होतें.

आळसाच्या आरोपास सर्वांत चोख उत्तर एका पेढीच्या वह्यांनीं दिलें आहे. आयरिश देशांतरितांच्या साह्यकारी मंडळींनीं १८५० सालीं चेंबर्स स्ट्रीटवर, फाइव्ह पॉइंट्सपासून पायीं थोडक्या अंतरावर, बचतीची एक पेढी काढली. ठेवीदारांपैकीं कित्येकांना सही येत नसे. म्हणून त्यांची ओळख पटावी यासाठीं कारकून त्यांचें मूळ गांव, जहाजाचें नांव, आईबापांचीं नांवें व भावंडांचा ठावठिकाणा लिहून ठेवी. या नोंदी आजही न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत. लॅन्सडाऊनच्या जहागिरींतून चिंध्या नेसून आलेल्या कित्येक कुळांनीं थोड्याच वर्षांत तेथें शेंकडों डॉलर जमविले, आणि जमविल्यावरही त्याच आळींत राहणें पसंत केलें! भाडें वाढविण्याऐवजीं ते हुंड्या करून पैसा मायदेशीं धाडीत, उरलेल्या भावंडांचीं तिकिटें काढीत. पाहुण्यांना दिसली ती ओली भिंत. वहींतील शिल्लक त्यांना दिसली नाहीं.

तरीही शहर सोडून पश्चिमेच्या मोकळ्या भूमीवर कां जाऊं नये, असा प्रश्न त्यांच्या हितचिंतकांनींही विचारला. थॉमस डार्सी मॅगी या तरुण संपादकानें यासाठीं मोठी खटपट केली. १८५६ च्या फेब्रुवारींत बफलो येथें प्रतिनिधींची सभा भरली आणि आयरिश मजुरांस पश्चिमेकडे शेतीवर वसविण्याचा विचार झाला. न्यू यॉर्कचे आर्चबिशप जॉन ह्यूझ यांनीं त्यास कडाडून विरोध केला. ते स्वतः टायरोन परगण्यांतील शेतकऱ्याचे पुत्र. अमेरिकेंत आल्यावर त्यांनीं मजुरी केली होती. त्यांचें म्हणणें असें कीं, भांडवलावांचून गरिबास रानांत धाडणें म्हणजे त्याला मरणाच्या दारीं सोडणें होय. तेथें ना धर्मोपदेशक, ना शाळा. आपला कळप हातचा जाऊं नये म्हणून ते असें बोलतात, असा टोमणा विरोधकांनीं मारला, आणि त्यांत तथ्य अजिबात नव्हतें असें नाहीं. परंतु सामान्य मजुरानें या वादाचा निकाल आपल्यापुरता अगोदरच लावला होता. दोन एकरांवर कुदळीनें बटाटा लावणाऱ्यास त्या अफाट माळावरील शेती अनोळखी होती. बैल, अवजारें, बियाणें व वर्षभराचें धान्य यांस लागणारा पैसा त्याच्यापाशीं नव्हता. आणि ज्या भूमीनें एकदां दगा दिला, तिच्यावर पुन्हां सर्वस्व लावण्याचें धैर्य सर्वांनाच कोठून यावें?

एवढ्यावरून ती निवड सुखाची होती असें मात्र कोणी समजूं नये. तिची किंमत जबर होती, आणि ती प्रथम मुलांनीं भरली. त्या दशकांत न्यू यॉर्कमध्यें दरसाल मरणाऱ्यांपैकीं निम्म्याच्या आसपास पांच वर्षांखालील बालकें असत. १८४९ च्या पटकीचा आरंभ फाइव्ह पॉइंट्समध्येंच झाला आणि नगरांत सुमारें पांच हजार माणसें दगावलीं. त्यांत आयरिशांचा वांटा फार मोठा होता. भाड्याच्या चाळींसंबंधीं पहिला कायदा व्हावयास १८६७ साल उजाडावें लागलें. दुसरी किंमत शेजाऱ्यांनीं दिली. धक्क्यावरील कामासाठीं व स्वस्त खोल्यांसाठीं आयरिशांची चुरस कृष्णवर्णीय लोकांशीं होती. १८६३ च्या जुलैंत सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगा उसळला, तेव्हां मुख्यतः आयरिश असलेल्या जमावानें त्यांच्यावर अमानुष हल्ले केले व त्यांच्या मुलांचें अनाथगृह जाळलें. त्यानंतर हजारों कृष्णवर्णीय तें नगर सोडून गेले. स्वतः हांकलून दिलेल्यांनीं इतरांस हांकलावें, हें या इतिहासांतील सर्वांत काळें पान आहे. आयरिशांच्या बाजूनें बोलणाऱ्यानेंही तें उलटून जातां कामा नये.

कालांतरानें पैसा सांठला, मुलें शिकलीं, आणि हीं कुळें उत्तरेकडे व नदीपलीकडे सरकलीं. त्यांच्या खोल्यांत इटालियन आले, मग चिनी. सर्वांत कुप्रसिद्ध चाळी पाडून तेथें १८९७ सालीं बाग करण्यांत आली, ती ‘कोलंबस पार्क’ या नांवानें आजही आहे. ट्रान्सफिगरेशनचें देऊळही उभें आहे, आणि आतां तेथें चिनी भाषेंत प्रार्थना होते. प्रत्येक नवा लोंढा त्याच दारांतून शिरला आणि प्रत्येकास तेंच दूषण लागलें, कीं यांना घाणच आवडते. गरीब मनुष्य वाईट घर निवडतो तेव्हां तो घर निवडीत नसतो. तो माणसें निवडीत असतो, आणि घर त्यांच्याबरोबर पत्करतो. ही निवड त्याला इतकी महाग पडावी कीं नाहीं, हें मात्र त्याच्या हातीं नसतें. तें नगराच्या हातीं असतें. आणि न्यू यॉर्कनें तें आपल्याकडे घेण्यास फार उशीर लावला.