कायदा आला, मग बाई कुठे गेली?

वरळीत आमच्या घराजवळ एक टेलरचाचा आहेत. डान्सबारमधल्या मुली त्यांच्याकडून घागरे शिवून घ्यायच्या. २००५ च्या ऑगस्टमध्ये हे काम एकदम बंद झालं. १५ ऑगस्टपासून राज्यात डान्सबारबंदी आली होती. थ्री-स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट. नाच तोच, बाई तीच. पण गिऱ्हाईक पैसेवालं असलं की नीती शाबूत!

बायकांचं शोषण थांबवायचं, असं कारण सांगितलं गेलं. हायकोर्टानं २००६ मध्ये ही बंदी रद्द ठरवली. सरकार अपिलात गेलं आणि १६ जुलै २०१३ रोजी सुप्रीम कोर्टातही हरलं. त्या निकालात लिहिलं आहे, की पंच्याहत्तर हजारांवर बायका बेकार झाल्याचं आणि त्यातल्या अनेकींना घर चालवण्यासाठी वेश्याव्यवसायात जावं लागल्याचं कोर्टापुढे आलं. रोगापेक्षा औषध वाईट, असंच कोर्टानं म्हटलं. बंदीच्या आधी एसएनडीटी विद्यापीठातल्या अभ्यासक आणि स्त्री-संघटनेच्या कार्यकर्त्या पाचशे बारबालांशी बोलल्या होत्या; बंदीनंतरही त्यांनी पुन्हा शोध घेतला. असं मागे वळून बघणारे थोडेच.

ही तऱ्हा जुनी आहे. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा १८७० मध्ये मुंबईत लागू झाला, तो गोरे शिपाई आणि खलाशी यांच्या तब्येतीसाठी. बाईनं नाव नोंदवायचं, तपासणीला जायचं. गिऱ्हाइकाला कोण तपासणार? बायका नोंदणी चुकवत राहिल्या. १८८८ मध्ये कायदाच गेला.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५६ चा. १९८६ च्या सुधारणेत त्याचं नाव बदललं, पुरुषही त्याच्या कक्षेत आले. पण उघड्यावर गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईला पहिल्या खेपेलाच सहा महिन्यांपर्यंत कैद. हाच गुन्हा पुरुषानं केला, तर जास्तीत जास्त तीन महिने. शिवाय तिच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार. दलालासाठी टाकलेल्या या जाळ्यात तिची म्हातारी आईही सापडते, कॉलेजात शिकणारा मुलगाही.

२०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं डान्सबारवरच्या नव्या कायद्यातल्या बऱ्याच जाचक अटी काढल्या. मी चाचांना विचारलं, आता घागरे येतील का परत? त्यांनी मापांची जुनी वही काढली. पानोपानी नुसती पहिली नावं, शेजारी फोन नंबर.

“यातला एकही लागत नाही,” म्हणाले, आणि शाळेचे गणवेश शिवायला बसले.