वांग, जायफळ आणि मेडिकलमधली ट्यूब

चेहऱ्यावरच्या वांगाला सुश्रुताने ‘व्यंग’ म्हणून क्षुद्ररोगांत घातलंय. आमच्या नगरकडच्या आज्या त्यावर सहाणेवर जायफळ उगाळून दुधातून लावायच्या. गुण किती यायचा देव जाणे, पण कातडी तरी पातळ होत नव्हती.

१९३९ साली अमेरिकेत चामडं कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठले. दोष निघाला रबरी हातमोज्यांतल्या रसायनाचा. त्याच्याच भाऊबंदातलं हायड्रोक्विनोन पुढे वांगावरचं औषध झालं. १९७५ ला क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी त्यात ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड मिसळलं. तिन्ही मिळून जो फरक पडतो तो एकेकट्याने पडत नाही, हे खरंच. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ आजही असं मिश्रण देतात, पण काही आठवड्यांपुरतं, लक्ष ठेवून.

आपल्याकडे मात्र तीच ट्यूब ‘गोरं व्हायची क्रीम’ झाली! लग्न ठरलेली पोरगी लावते, ऊसतोडीवरून आलेली बाई लावते. बंद केली की वांग परत वर येतं, म्हणून पुन्हा तीच. वर्षभरात चेहरा लाल, लव वाढलेली. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर तरी.

बिननावाच्या डब्यांचं तर विचारूच नका. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या बिघडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली, आणि क्रीममध्ये निघाला पारा. पारा रंग बनणं रोखतो, पण अंगात मुरतो.

आणि ऊन? ते टाळलं नाही तर कुठलीच ट्यूब टिकत नाही. पाथर्डी-शेवगावच्या रानात दिवसभर वाकणाऱ्या बाईला हे कोणी सांगितलंय का?