पैशाचा पत्ता : शाहजोग हुंडीपासून बिटकॉइनच्या वॉलेटपर्यंत

पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवायचा झाला की दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. तो कोणाच्या हाती पडायचा, आणि भलत्याच्या हाती पडला तर कोणाला धरायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पत्ता. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे पत. आपल्याकडच्या जुन्या हुंडीत ही दोन्ही उत्तरे एकाच कागदावर असत. आजच्या आभासी चलनाच्या वॉलेटमध्ये पहिलेच तेवढे उरले आहे. हे कसे घडले याचा माग काढताना मला नाशिकमध्ये दोनदा थांबावे लागले. एकदा इथल्या सावकारी पेढ्यांपाशी आणि दुसऱ्यांदा नाशिक रोडच्या छापखान्यापाशी.

नाशिक हे क्षेत्र आहे तसा बाजारही आहे. शेजारी येवल्याचा रेशमाचा व्यापार, मालेगावची कापडपेठ. जिल्ह्याच्या १८८३ च्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये भांडवल आणि सावकारी यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. अशा ठिकाणी व्यापारी असो की यात्रेकरू, रोकड कमरेला बांधून निघणे जिवावरचे असे. नरसी मेहतांची कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे मराठी घरांत पोहोचली. तिच्यात द्वारकेला निघालेले यात्रेकरू याच कारणाने रोकड ठेवून हुंडी मागतात. कथेतला खरा पेच हुंडीच्या कागदाचा नाही. ज्याच्यावर ती लिहिली तो शेठ तिथे आहे का, आणि तो ती वटवील का, हा आहे.

हुंडीवर लिहिणाऱ्याचे नाव असे, ज्याच्यावर लिहिली त्या पेढीचे असे, पैसे ठेवणाऱ्याचे असे. पण पैसे घेणारा कोण, हे एका छोट्या शब्दाने ठरे : ‘जोग’. नामजोग हुंडी नाव लिहिलेल्या माणसालाच मिळे. धनीजोग हुंडी तिच्या धन्याला मिळे. देखावनहार हुंडी जो दाखवील त्याला. आणि शाहजोग हुंडीचे पैसे फक्त ‘शाहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या, पेढीला ठाऊक असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळत. रस्त्यात चोरलेली शाहजोग हुंडी चोराच्या कामाची नसे, कारण ती घेऊन त्याला कोणातरी शाहाकडेच जावे लागे. पुढे ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे घेतलेल्या शाहाला ते परत भरावे लागत. शाहजोग हा पत्ता खरा, पण तो माणसांच्या जबाबदारीने बांधलेला पत्ता होता.

मजकुरात खाडाखोड होऊ नये म्हणून हुंडी लिहिणारे आणखी एक काळजी घेत. रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि वर तिचे निमे किती व त्या निम्म्याचे दुप्पट किती हेही लिहीत. एक आकडा बदलला तर सगळा हिशेब बिघडे. हुंडी हरवली तर तिची ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत मिळे, आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झालेली हुंडी ‘खोका’ म्हणून दप्तरात राही. या साऱ्या सेवेची किंमत म्हणजे हुंडणावळ. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानेही देशी भाषांतल्या अशा दस्तांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

आता नाशिक रोडकडे वळू. हिंदुस्थानची टपाल तिकिटे आधी लंडनच्या डी ला रू कंपनीकडे छापली जात आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडे. १९२५ मध्ये नाशिक रोडला सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि तिकिटे इथे छापली जाऊ लागली. १९२८ पासून शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटाही निघू लागल्या. नोटेवर पत्ता नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवरचे वचन ‘धारका’ला दिलेले असते, मग तो कोणीही असो. म्हणजे स्वभावाने ती देखावनहार हुंडीच. आणि असा कागद काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार, धारकाला मागणी करताच पैसे देणारी हुंडी काढण्यास रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार सोडून सर्वांना मनाई आहे. शाहाची पत बाजूला झाली, राज्याची पत तिच्या जागी आली.

याच नोटेचा बाजाराने एक वेगळा उपयोगही शोधला. बेकायदा हवाल्याच्या धंद्यात पैसे घ्यायला येणाऱ्याजवळच्या एखाद्या लहान नोटेचा क्रमांक पुढच्या गावी आधीच कळवतात. तो माणूस येऊन ती नोट दाखवतो आणि रक्कम घेऊन जातो. नाव नाही, गाव नाही. ज्याच्या हाती ती नोट, तोच धनी. बिटकॉइनची कल्पना समजून घ्यायला मला या नोटेइतका दुसरा सोपा दाखला सापडला नाही.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक नऊ पानी टिपण प्रसिद्ध झाले, आणि ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनच्या खतावणीचे पहिले पान लिहिले गेले. या खतावणीच्या, म्हणजे ब्लॉकचेनच्या, प्रती जगभरच्या संगणकांवर असतात आणि कोणालाही वाचता येतात. तिच्यात माणसांची नावे नसतात, पत्ते असतात.

पत्ता तयार होतो तो असा. वॉलेट प्रथम एक प्रचंड मोठी संख्या कोणताही क्रम न ठेवता निवडते. ही गुप्त किल्ली. तिच्यावरून गणिताने सार्वजनिक किल्ली निघते आणि तिच्यापासून आखूड पत्ता. किल्लीवरून पत्ता काढणे क्षणाचे काम आहे; पत्त्यावरून किल्ली काढणे व्यवहारात अशक्य. म्हणून पैसे घेण्याचा पत्ता खुशाल कोणालाही द्यावा, किल्ली मात्र कोणालाही दाखवू नये. निम्म्याच्या हिशेबासारखा पडताळाही यात आहे. सुरुवातीच्या पद्धतीच्या पत्त्यांत शून्य, इंग्रजी मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल ही एकमेकांसारखी दिसणारी चार चिन्हे मुद्दाम वगळली होती, आणि शेवटी पडताळ्याचा भाग जोडला होता. टंकताना चुकलेला पत्ता तरीही बरोबर म्हणून खपण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. पण हा पडताळा पत्ता नीट लिहिला आहे एवढेच सांगतो. तो कोणाचा आहे हे सांगत नाही.

घेण्याचा पत्ता असा सरळ असतो. पाठवण्याच्या पत्त्याची गोष्ट तशी नाही. वॉलेटमध्ये दिसणारी शिल्लक एका ठिकाणी साठलेली नसते. ती वेळोवेळी वेगवेगळ्या पत्त्यांवर आलेल्या रकमांची बेरीज असते. खिशात पाचशेची एक आणि दोनशेची एक नोट आहे आणि सहाशे द्यायचे आहेत, असे समजा. वॉलेट दोन्ही ‘नोटा’ मोडते, सहाशे समोरच्याच्या पत्त्यावर टाकते, हुंडणावळ वजा करते आणि उरलेले सुटे पैसे आपल्याच एका नव्या पत्त्यावर परत घेते. त्यामुळे ‘या पत्त्यावरून पैसे आले’ असे म्हणणे बिटकॉइनमध्ये सोयीपुरतेच खरे आहे. प्रत्येक व्यवहाराला नवी किल्ली वापरावी, असा सल्ला नाकामोतोच्या टिपणातही आहे. नाहीतर एका पत्त्यावरून माणसाचे सारे व्यवहार उघडे पडतात.

इतक्या किल्ल्या सांभाळायच्या कशा? २०१२ मध्ये यावर तोडगा मांडला गेला. एकाच मूळ संख्येतून झाडासारख्या फांद्या काढायच्या. पुढच्या संकेतानुसार त्यातली एक फांदी घेण्याच्या पत्त्यांची आणि दुसरी सुट्या पैशांच्या पत्त्यांची. ती मूळ संख्या २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतल्या बारा किंवा चोवीस शब्दांत कागदावर उतरवून ठेवता येते. पेठ आणि परपेठ म्हणून हाताशी असते ते एवढेच, आणि तेही ज्याचे त्याने आधीच करून ठेवायचे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमची रीत निराळी. तिथे बँकेच्या खात्यासारखा एकच पत्ता घेण्यालाही आणि देण्यालाही चालतो.

या फरकाची किंमत माझ्या ओळखीच्या, कॉलेज रोडला राहणाऱ्या एका तरुणाने मोजली. एका परिचिताने एक्स्चेंजवरून पाठवलेले जास्तीचे बिटकॉइन त्याने ‘ज्या पत्त्यावरून आले त्याच पत्त्यावर’ परत पाठवले. तो पत्ता परिचिताचा नव्हताच. अनेक ग्राहकांचे पैसे जिथून सुटतात तो एक्स्चेंजचा पत्ता होता. पडताळा बरोबर होता, व्यवहार खतावणीत चढला, आणि पैसे परिचिताच्या खात्यात काही जमा झाले नाहीत. शाहजोग हुंडीत अशा वेळी विचारायला एक शाहा असतो. इथे विनंतीअर्ज होता, हक्क नव्हता. ठगांनीही ही जागा हेरली आहे. नेहमीच्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता बनवून ते त्यावरून किरकोळ रक्कम पाठवतात. पुढच्या वेळी माणूस जुन्या यादीतून घाईने तोच पत्ता उचलतो.

किल्ली म्हणजेच मालकी, हे पोलीस तपासातही दिसून आले. २०१८ मध्ये पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात तपासाला मदत म्हणून बाहेरचे दोन तज्ज्ञ घेतले होते. आरोपींच्या वॉलेटमधले बिटकॉइन स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून २०२२ च्या मार्चमध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा. पण घराला सील लावता येते तसे किल्लीला लावता येत नाही, कारण तिची नक्कल पाहणाऱ्याच्या डोक्यातही राहू शकते.

आता राज्य पुन्हा शाहाला बोलावत आहे. २०१९ मध्ये ‘एफएटीएफ’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवले की आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्या संस्थांनी रकमेबरोबर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळखही पुढे कळवावी. भारतात ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. आकड्यांच्या पत्त्याला नावाची चिठ्ठी जोडण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र शाहाकडून दोन कामे होत असत. तो घेणाऱ्याला ओळखे, आणि चूक निघाली तर पैसे भरून देई. नव्या नियमांनी पहिले काम एक्स्चेंजवर सोपवले आहे. दुसरे अजून कोणाच्याच गळ्यात पडलेले नाही. तोवर पाठवण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून पाहणे, तो थेट घेणाऱ्याकडूनच नव्याने मागून घेणे आणि आधी थोडी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करणे, एवढेच पाठवणाऱ्याच्या हाती आहे.