दिनविशेष, ११ मार्च : विजय हजारे
आजच्याच दिवशी १९१५ साली शाळामास्तरांचे चिरंजीव विजय सॅम्युएल हजारे यांचा सांगलीत जन्म झाला. १९४६ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी कसोटीत पदार्पण केले, तेव्हा कर्णधार होते थोरले पतौडी. पतौडींनी १९३१ मध्ये ऑक्सफर्डकडून केंब्रिजविरुद्ध नाबाद २३८ धावा ठोकल्या होत्या. हजारे मात्र विद्यापीठाच्या मैदानावर नव्हे, पंचरंगी आणि रणजी सामन्यांत घडले. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध फॉलोऑननंतर त्यांच्या 'रेस्ट' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या! धाकटे बंधू विवेक यांनी दुसरे टोक धरले. ३०० धावांच्या भागीदारीत त्यांचा वाटा अवघा २१. तरीही 'रेस्ट' हरलेच.

१९४८ च्या अ‍ॅडलेड कसोटीत ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके (११६ व १४५). दुसऱ्या डावात लिंडवॉलने सात बळी टिपले, सहा भारतीय भोपळ्यावर परतले. आमच्या मते १४५ धावांची हीच हजारेंची सर्वोत्तम खेळी. १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला नमवून भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. ३० कसोटींत २१९२ धावा, सात शतके. २००४ मध्ये बडोद्यात निधन.