ठासणीची

बाबा गेले आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. परवाना माझ्या नावावर व्हायला दोन पावसाळे गेले. 1878 च्या इंग्रजी कायद्यानं परवान्याची सक्ती केली. 1959 च्या कायद्यात मात्र पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय नावानिशी आहे. आमची तीच, आजोबांपासूनची.

मी हौसेनं नळी पुसायला घेतली तसे काका ओरडले, "आधी गज घाल रे!" गज घालून तोंडाशी खूण केली, बाहेरून नळीला लावून बघितला. कानापासून चार बोटं अलीकडेच अडला होता.

बार भरलेला! ठाण्यात दोन वर्षं तशीच उभी. बाबांनी अंथरूण धरलं त्या आठवड्यात डुकरं भातात शिरत होती. केप नव्हती, एवढं नशीब. काकांनी नळीत पाणी ओतलं; दुसऱ्या दिवशी आकडीनं काथ्या, छर्रे ओढून काढले. छर्रे मी डबीत ठेवलेत.