बाळंतिणीच्या दुखण्याचा इतिहास

पंचवीस वर्षे मी वर्गात लढाया आणि तह शिकवले. बाळंतिणीच्या दुखण्यालाही इतिहास असतो, हे मात्र मला थोरली लेक बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा उमगले. सिझर झाले होते. पाचवीला घर पाहुण्यांनी भरले होते आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कूस बदलताना टाके ओढत, डोळ्यांना धार लागे. माझी मावशी म्हणाली, "आमची पाच-पाच बाळंतपणं झाली, आम्ही कुठं रडत बसलो?" मी दारातच उभा होतो, पण काही बोललो नाही. ते गप्प राहणे अजून सलते.

पुढे वाचू लागलो तेव्हा मावशीचे बोलणे फार जुने असल्याचे कळले. एडिंबरो शहरात डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी ४ नोव्हेंबर १८४७ रोजी राहत्या घरी दोन सहकाऱ्यांसह क्लोरोफॉर्म हुंगून पाहिले आणि थोड्याच दिवसांत ते प्रसूतीसाठी वापरले. स्त्रीने कळा सोसाव्यात ही तर देवाची आज्ञा, असा आक्षेप निघाला. सिम्प्सन यांनी बायबलातूनच उत्तर दिले: आदमची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली होती! क्लोरोफॉर्मने काही रोगी दगावले, तेव्हा डॉक्टरांची भीती अगदीच पोकळ नव्हती. तरी ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावरून ५३ मिनिटे क्लोरोफॉर्म दिले आणि विरोधाचा जोर ओसरत गेला.

हीच राणी १८४१ साली थोरल्या मुलाच्या जन्मानंतर बरेच दिवस खिन्न होती. त्या खिन्नतेवर क्लोरोफॉर्मचा उपयोग नव्हता. योगायोग असा, की १९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी बाळंतिणीच्या नैराश्यासाठी तयार केलेली दहा प्रश्नांची प्रश्नावली एडिंबरोच्याच नावाने ओळखली जाते. गेल्या सात दिवसांत हसू आले का, उगाच स्वतःला दोष दिला का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले का, असे ते साधे प्रश्न. आमच्या शेजारच्या गोव्यातील २००२ च्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के नैराश्यात आढळल्या. २००८ च्या अमेरिकेतील एका अभ्यासात, बाळंतपणानंतर लगेच तीव्र वेदना झालेल्या स्त्रियांत दोन महिन्यांनी नैराश्याचा धोका सौम्य वेदनावाल्यांच्या तिप्पट दिसला. प्रसूती साधी की सिझर, याने तेवढा फरक पडला नाही. वेदनेनेच नैराश्य येते, असे यावरून सिद्ध होत नाही. पण "सोस जरा" हा सल्ला निरुपद्रवी नाही, एवढे नक्की. म्हणूनच आज सिझरनंतर कळ उठण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे वेदनाशामके देण्याकडे कल आहे.

पाचवीच्या रात्री पाहुणे गेल्यावर मी लेकीजवळ बसलो. "फार दुखतंय का गं?" ती म्हणाली, "बाबा, दुखतंच. पण बाळाला घ्यावंसंच वाटत नाही." दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना गाठले. त्यांनी गोळ्यांच्या वेळा नीट बांधून दिल्या, मनोविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठीही दिली. सौ. रात्री बाळ सांभाळू लागली. सावरायला दोन महिने लागले.

नात आता चौथीत आहे. परवा मावशी आली होती. मी हे सारे वाचून दाखवले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या मधल्या मामेभावाच्या..." आणि थांबली. "नाही रे, माझ्याच दुसऱ्या बाळंतपणात. महिनाभर मी कुणाशी बोलले नव्हते. कुणी विचारलंच नाही."